फ्री साइज

अण्णा काकडांसारखा खेकसणारा माणूस मी अंबडच्या कारखान्यात तीस वर्षांत दुसरा पाहिला नाही, आणि तिथे खेकसणाऱ्यांची वानवा होती असंही नाही. प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकून नग काढणाऱ्या मशीनच्या दणक्यात, खेकसल्याशिवाय शेजारच्याला कळतच नाही. पण अण्णा शिफ्ट सुटल्यावर, गेटबाहेरच्या चहाच्या गाडीवर, घरी बायकोशीसुद्धा त्याच आवाजात बोलत. मंदावहिनी म्हणायच्या, "ह्यांनी नुसतं मीठ मागितलं तरी शेजारचे दार उघडून बघतात, काय झालं म्हणून."

मी त्याच कारखान्यात खरेदी विभागात होतो. बोल्टपासून झाडूपर्यंत जे जे बाहेरून येई त्याच्या ऑर्डरवर माझी सही असे. अण्णा प्रेस सेटर होते. म्हणजे मशीनमध्ये डाय, नगाचा साचा, बसवायची, पहिला नग काढून तपासायचा आणि तो बरोबर निघाला तरच मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं. त्यांच्या खिशात कायम नगाचं भोक तपासायचं एक गेज असे. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. पहिल्याला गो म्हणतात, दुसऱ्याला नो-गो. अण्णांनी जगातल्या सगळ्या गोष्टींची या दोन शब्दांत वाटणी करून टाकली होती. भाचीला बघायला आलेला मुलगा, नवा मॅनेजर, कॅन्टीनची मटकीची उसळ. "नो-गो" म्हणायचे आणि ताट सरकवायचे. त्यांच्यासमोर 'चालून जाईल' म्हणायची सोय नव्हती. "कुठं चाललंय? कोणासंग चाललंय?" असं विचारून ते समोरच्याची पिसं काढत.

असा हा माणूस दर गुरुवारी संध्याकाळी मखमलाबादकडच्या एका लहानशा दत्तमंदिरात भजनाला बसे. तिथल्याच शिवारात त्यांचं झेंडू-शेवंतीचं शेत. माझंही घर त्याच बाजूला, म्हणून मी जायचो. कारखान्यातला आवाज अण्णा चपलांबरोबर मंदिराबाहेर काढून ठेवत असावेत. मंडळात दहा-बारा जण होते, पण वरच्या सुरातली ओळ आली की सगळे थांबत आणि अण्णा एकटे ती उचलत. तेवढ्यासाठी बाजारातून फुलं विकून परतणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून दाराशी उभ्या राहत. देवाधर्माचं मला फारसं कळत नाही, पण त्या ओळीला माझ्याही अंगावर काटा येई. एवढी एकच गोष्ट त्या माणसाने आयुष्यात मऊपणाने केली, असं मला वाटतं.

निवृत्त झाल्यावर साधारण वर्षभराने अण्णा म्हणायला लागले, "पेटी उतरलीय."

पेटीवर शांतारामभाऊ बसत. भाजीचा मळा असलेला, कोणाला दुखवायचं म्हटलं तर दोन दिवस आधी स्वतःच आजारी पडेल असा माणूस. त्यांनी पेटी भद्रकालीतल्या कारागिराकडे नेली. त्याने साफ करून दिली. पुढच्या गुरुवारी अण्णांनी पहिल्याच अभंगाला हात वर केला. "नो-गो. अजून उतरलेलीच हाय." शांतारामभाऊ पुन्हा पेटी घेऊन गेले. कारागीर म्हणाला, "हिला काही झालेलं नाही. गाणाऱ्याला बघा." हे शांतारामभाऊंनी मला सांगितलं, मंडळातल्या सगळ्यांना सांगितलं, आणि अण्णांना सांगितलं की पेटी दुरुस्त झाली.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पेटी जागेवर होती, अण्णांचा सूर सरकत होता. वरची ओळ आली की आम्ही खाली बघायचो. दाराशी थांबणाऱ्या बायका थांबेनाशा झाल्या. आणि भजन संपलं की एकेक जण अण्णांच्या पाया पडून "छान झालं अण्णा" म्हणत घरी जाई. आपल्या लोकांच्या या गोड स्वभावाचा मला आता मनस्वी संताप येतो. तो स्वभाव माझाही आहे, म्हणून जास्तच येतो.

अण्णांचा मात्र पेटीवरचा संशय गेला नव्हता. सेटर माणूस, नुसत्या संशयावर थांबणार कसा? त्यांनी तळहाताएवढं एक गाणी ऐकायचं यंत्र आणलं. त्यात आवाज भरायचीही सोय होती. त्याला ते 'डबी' म्हणत. मी म्हटलं, "अण्णा, हे सगळं फोनमध्येच होतं की." म्हणाले, "फोन छप्पन धंदे करतो. गेज एकच काम करतं." दर गुरुवारी ते डबी पेटीशेजारी ठेवून भजन भरून घेऊ लागले. घरी नीट ऐकायचं आणि पेटी कुठे उतरते ते शांतारामभाऊंच्या तोंडावर मारायचं, असा बेत होता. त्यासाठी कानात घालायला चांगलं काहीतरी हवं होतं. एके सकाळी ते माझ्या फाटकाशी येऊन ओरडले, "देवरे साहेब, चला. इअरफोन घ्यायचाय. तुम्ही खरेदीतले, तुम्हाला माल कळतो."

यात टोमणा होता की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही.

एम. जी. रोडवरच्या ज्या दुकानात आम्ही गेलो तिथला दुकानदार मोठा उत्साही होता. "काका, हा घ्या. एक्स्ट्रा बेस. छातीत धडधड होते."

"छातीत धडधड व्हायला लागली तर मी डॉक्टरकडं जाईन," अण्णा म्हणाले. "मला पेटी ऐकायचीय. बेस काढलेला दावा."

"बेस काढलेला कोणी घेत नाही हो."

"मी घेतो. आणा."

आधी त्यांनी डबीसाठी पाऊच निवडला. डबी पाऊचमध्ये घालायची, पाऊच उलटा धरायचा, तीन झटके द्यायचे. डबी खाली पडली की नो-गो. सात पाऊच नापास झाले. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपली कामं सोडून बघायला लागली होती आणि दुकानदाराचा चेहरा पडत चालला होता. आठव्यातून डबी पडली नाही. तरी चेन उघडताना अडकते म्हणून त्यांनी तो दोन वेळा परत केला आणि शेवटी तोच घेतला. मला लाज वाटत होती आणि मजाही येत होती.

मग इअरफोनची पाकिटं निघाली. दुकानदाराने एक फोडलं. वायरीबरोबर एक छोटी प्लास्टिकची पिशवी बाहेर पडली. अण्णांनी ती उचलली. आत रबराच्या इवल्याशा टोप्या होत्या.

"हे काय?"

"एक्स्ट्रा रबर, काका. लहान, मध्यम, मोठं. प्रत्येकाचा कान वेगळा ना. ज्याला जे बसेल ते लावायचं."

"सगळ्यांसंग देत्यात?"

"सगळ्यांबरोबर. हलक्यातल्या हलक्या मालाबरोबर पण."

अण्णांनी टोप्या तळहातावर ओतल्या आणि मापाप्रमाणे लावल्या. मग म्हणाले, "गाणी ऐकायला तीन मापं. आन् कान वाचवायला एक." हे ते ओरडून बोलले नाहीत. मी काउंटरच्या काचेतून खालचे चार्जर बघत बसलो.

ते कशाबद्दल बोलत होते ते सांगितलंच पाहिजे. प्रेस शॉपमध्ये कानात घालायचे नारिंगी प्लग मिळत. दोऱ्याने जोडलेली जोडी. ते प्लग मी मागवायचो, आणि एकाच मापाचे मागवायचो. पुरवठादाराच्या यादीत तीन मापं होती. पण तीन मापं म्हणजे तीन कोड, स्टोअरमध्ये तीन खाने, कोणाला कोणतं लागतं त्याची विचारपूस. एक माप म्हणजे एक कोड, एक खोका, एक सही. खोक्यावर 'फ्री साइज' छापलेलं असे. मी त्यावर विश्वास ठेवला असं म्हणणार नाही. मी त्याचा विचारच केला नाही. अण्णा एकदा माझ्या टेबलाशी आले होते. म्हणाले, "साहेब, ह्यो प्लग डाव्या कानात टिकत नाय. माझं भोक बारीक हाय. ठोका पडला की बाहेर येतो." मी फाइलमधून मान वर न करता म्हणालो, "फ्री साइज आहे अण्णा. जरा दाबून बसवा, चालून जाईल."

त्या दिवशी ते माझ्यावर खेकसले नाहीत. नुसते परत गेले. त्यानंतर डाव्या कानात ते खोबरेल तेलात भिजवलेला कापसाचा बोळा घालायचे, आणि कापसाने प्रेसचा आवाज अडत नाही हे कोणीही सांगेल. अठरा वर्षं त्या बोळ्यावर गेली.

दुकानातल्या दिवशी त्यांनी उजवीकडे मध्यम टोपी लावली, डावीकडे लहान. दोन्ही घट्ट बसल्या. "गो," म्हणाले आणि पाकीट खिशात टाकलं.

आठवड्याने पुन्हा फाटकाशी हाक. "साहेब, माल खोटा हाय. डावीकडं पेटी एका पट्टीत वाजती, उजवीकडं दुसऱ्या." आम्ही बदलून आणला. दुसरा इअरफोनही तसाच निघाला. मग डोक्यावरून घ्यायचे मोठे हेडफोन आणले, त्यांचीही तीच तऱ्हा. मग त्यांना वाटलं पिनेत दोष आहे. खिशातून व्हर्नियर काढून त्यांनी दुकानातल्या पिनांची जाडी मोजली. आता तो दुकानदार आम्हाला लांबून बघितलं की कोणाशी तरी फोनवर बोलायला लागायचा. कंपन्यांना अण्णांनी शिव्यांची लाखोली वाहिली. "दोन बाजूंना एक माल भरायची अक्कल नाय ह्यांना. पहिला नग तपासतच नसतील." आणि प्रत्येक वेळी मी बरोबर. प्रत्येक वेळी ते पाकीट माझ्यापुढे धरून विचारायचे, "साहेब, तुमचं काय मत?" मी म्हणायचो, "बरा वाटतो."

मग एका सकाळी ते माझ्या व्हरांड्यात येऊन बसले. हेडफोन डोक्यावर होता. "एक गोष्ट करायची राह्यली," म्हणाले. त्यांनी डबी चालू केली, थोडं ऐकलं, आणि हेडफोन उलटा करून घातला. डावीकडचा उजव्या कानावर, उजवीकडचा डाव्यावर. सेटर लोक असंच करतात. नग वाकडा येत असेल तर जागा बदलून बघायचं. दोष डायबरोबर सरकला तर डाय खराब, जागच्या जागी राहिला तर मशीन खराब.

ते दोनदा ऐकून झालं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"माल बरोबर हाय," ते म्हणाले.

त्यांनी हेडफोन माझ्याकडे दिला. "साहेब, तुमचे कान चांगले हायत. तुम्ही ऐका, आन् खरं सांगा. पेटी उतरलीय का मी?"

मी ऐकलं. वरच्या ओळीला अण्णा पेटीपासून असे सरकले होते की लहान मुलालाही कळावं. समोर एक माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. दोन वर्षं वणवण करून त्याने प्रश्न बरोबर जागी आणून ठेवला होता. त्याला हवं होतं ते एका शब्दाचं उत्तर. आणि मी म्हणालो, "ठीक आहे अण्णा. एवढं काही नाही. चालतंय."

हेडफोन गुंडाळून ते उठून गेले. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण तीही मी मारली नाही.

ते कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तिथला आलेख त्यांनी मला फाटकातूनच दाखवला. रेघ डावीकडून सरळ येऊन उजवीकडे घाटासारखी खाली गेली होती. एका कानाची जरा कमी, दुसऱ्याची फारच. "डावा गेला," म्हणाले. "कानाला मशीन लावा म्हणतो. बोलणं कळंल म्हणतो. गाण्याचं विचारलं तर म्हणतो, आजोबा, आता ह्या वयात गाणं कशाला?" त्या डॉक्टरला त्यांनी काय उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

पुढच्या गुरुवारी अण्णा मंदिरात आले ते हातात वायर घेऊन. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर. ती मात्र त्यांनी एकट्याने जाऊन आणली होती. टाळ घेतले नाहीत. मंडळाच्या स्पीकरला वायरीचं एक टोक लावलं, दुसरं डबीला, आणि म्हणाले, "आज गायचं नाय. ऐकायचं."

मागच्या गुरुवारचं भजन सुरू झालं. स्पीकर लहान होता, पण आवाज चांगला स्वच्छ होता. वरची ओळ आली. मी जमिनीकडे बघत होतो. सगळेच बघत होते.

अण्णांनी डबी थांबवली. "शांताराम, कुठं चुकलं?"

"कुठं काय अण्णा. छानच हाय की."

"तू सांग." दुसऱ्याला विचारलं. तिसऱ्याला विचारलं. प्रत्येकाने माऊलीचं नाव घेऊन काहीतरी गोड सांगितलं. अण्णा एकेकापाशी जाऊन उभे राहत होते, पहिला नग हातात घेऊन उभे राहावं तसे. त्यांचा चेहरा लाल होत होता. मला वाटलं हा माणूस इथेच कोसळेल. तेव्हा मी बोललो. धैर्य वगैरे नव्हतं, असह्य झालं म्हणून बोललो.

"तुम्ही चुकता अण्णा. वरच्या ओळीला. पेटी बरोबर आहे."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

मग अण्णा खेकसले. मंदिरात, दत्तापुढे, पहिल्यांदा. "दोन वर्षं! दोन वर्षं मी देवापुढं रेकतोय, आन् तुम्ही माझ्या पाया पडताय? पेटी दुरुस्तीला नेताय? मी काय तान्हं पोर हाय? माझा गळा माझा होता, मला सांगायचं होतं. मी पट्टी उतरवली असती, मागं बसलो असतो, नुसता टाळ धरला असता. तुम्ही मला माझं गाणं नीट बंद पण करू दिलं नाय."

शांतारामभाऊ रडायला लागले. मी उठलो. बोलायला सुरुवात केलीच होती तर राहिलेलंही बोलून टाकावं म्हणून म्हणालो, "अण्णा, ते प्लग मी मागवले होते. तीन मापं मिळत होती. मी एकच मागवलं."

"मला म्हाईत नाय व्हय?" अण्णा माझ्याकडे वळले. "खोक्यात ऑर्डरची चिठ्ठी असायची, तिच्यावर तुमचीच सही. तुम्हाला दुकानोदुकान कशाला फिरवलं मग? मला काय वाट सापडत नव्हती? म्हटलं, एकदा तरी ह्यो माणूस दुकानात उभा राहून म्हणंल, अण्णा, तुमच्या कानाचं माप काय? एकदा पण नाय म्हटलं तुम्ही. बरा वाटतो, बरा वाटतो."

माफी मागितली मी. ते म्हणाले, "ते ठेवा तुमच्यापाशी. अजून शंभर पोरी हायत त्या शॉपमध्ये मशीनवर, माझ्याहून बारीक कानांच्या. त्यांचं बघा काय ते." वायर काढली, गुंडाळली आणि निघून गेले. त्यानंतर ते मंडळात आले नाहीत.

मी कारखान्यात गेलो. दोनदा गेलो. माझ्या जागेवर आता एक तरुण गृहस्थ आहेत. त्यांनी मला चहा पाजला आणि कॉम्प्युटरवर प्लगचा कोड काढून दाखवला. अजूनही एकच कोड. मी तावातावाने बोललो, टेबलावर हात आपटला. ते शांतपणे म्हणाले, "सर, ही सिस्टिम तुम्हीच लावून दिलीये. इतकी वर्षं काही तक्रार नाही." तक्रार नाही, कारण तक्रार मी लिहूनच घेतली नव्हती. मी लेखी अर्ज दिला आहे, त्याची पोच घेतली आहे. त्या पोचेचं मी काय करावं, ते मला माहीत नाही.

अर्ज दिल्याचं सांगावं म्हणून एका सकाळी मी अण्णांच्या शेतावर गेलो. झेंडूची तोडणी चालू होती. एका सरीत मंदावहिनी, दुसऱ्या सरीत अण्णा, पाठमोरे. डबी गळ्यात होती आणि तिची वायर एकट्या उजव्या कानात गेली होती. अण्णा गात होते. फुलं तोडत, कमरेत वाकून, पूर्ण आवाजात. तीच वरची ओळ. सूर लागत नव्हता. ते थांबायचे, डबीचं बटण दाबून ती ओळ मागे न्यायचे आणि पुन्हा उचलायचे. पुन्हा सरकायचे. मी बांधावर उभा होतो तेवढ्या वेळात त्यांनी ती सहा-सात वेळा उचलली.

वहिनींनी मला पाहिलं. ह्या बाईने मला कधी चहा दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्या ओटीतली फुलं सावरत सरळ झाल्या आणि त्यांनी हात केला. ये म्हणून नाही, जा म्हणून.

मी वळलो. स्कूटर रस्त्यावर लावली होती, चांगली दोन शेतं लांब. तिथपर्यंत मला ती ओळ शब्दन्‌शब्द ऐकू येत होती, कुठे किती घसरली तेसुद्धा. माझे दोन्ही कान उत्तम आहेत. खरेदीचं ऑफिस प्रेस शॉपपासून लांब होतं आणि त्याला काचेची दारं होती.